अर्ध्या केसाचा कुंचा

जूनमधल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, फुरुहाता सायो हिने आपल्या कुंच्याचं झिजलेलं टोक कापलं आणि आत पांढरे केस निघाले.

मी समोरच बसले होते. मात्सुमोतोच्या एका दैनिकासाठी मी किसो खोऱ्यातल्या बातम्या देते. त्या दिवशी रविवारच्या पुरवणीसाठी सायोवर लेख करायचा होता. कोपनहेगनच्या एका संग्रहालयाने तिच्याकडून माणसाच्या उंचीची एक उभी आकृती करवून घेतली होती. तागाच्या कापडाचे थरांवर थर, प्रत्येक थराला उरुशीच्या झाडाचा चीक, असं वर्षभर चाललेलं काम. शेवटचा काळा लेप तेवढा राहिला होता. छायाचित्रकार आदल्या दिवशी येऊन गेला होता. मला फक्त ती काम करताना काय बोलते ते हवं होतं.

सायोच्या गावी, हिरासावात, लेप देणाऱ्यांच्या घरामागे कोठी असते. भिंती हातभर जाड, मातीच्या. खिडक्या लहान. ओल्या लेपावर धुळीचा एक कण बसला तरी सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं, म्हणून आत वारासुद्धा जपून घेतात. सायो, तिची मदतनीस इंगर आणि मी, तिघींनी डोक्याला फडकी बांधली होती. कोठीत चिकाचा आंबूस वास होता. कोपऱ्यात ती आकृती उभी होती. हात नाहीत, चेहरा नाही, फक्त मान किंचित पुढे, पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतंय का ते पाहणाऱ्या माणसासारखी.

इंगर डेन्मार्कची. तिकडे ती लाकडी भांडी घडवायची. उरुशी शिकायला थोड्या महिन्यांसाठी म्हणून आली आणि राहिली. भाषा ती गावातल्या म्हाताऱ्यांकडून शिकली, त्यामुळे तिशीतली ही उंच, पिंगट केसांची बाई बोलायची मात्र आजीबाईसारखी.

उरुशीचा कुंचा माणसाच्या केसांचा असतो. पेन्सिलीत शिसं असतं तसे केस दोन पातळ पट्ट्यांच्या मधे गोंदाने पक्के बसवलेले असतात, आणि चांगल्या कुंच्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. पुढचे केस झिजले की लाकूड तासायचं, उघडे पडलेले केस लाकडी हातोडीने ठोकून मऊ करायचे, गोंद धुऊन टाकायचा. मग कुंचा पुन्हा नवा. आजोबांचा कुंचा नातवाच्या हातात जातो, फक्त आखूड होऊन.

सायोने बोटाच्या पेराएवढं लाकूड कापलं. ठोकलं. कोमट पाण्यात धुतलं. गोंद विरघळला तसे केस सुटे झाले. खालच्या बाजूला काही काळे होते. बाकी सगळे पांढरे.

"अगो बाई," इंगर म्हणाली, "कुंच्याला म्हातारपण आलं की गं."

सायो हसली नाही. कुंचा हातात धरून ती खिडकीच्या उजेडात गेली आणि केस बोटांनी पसरून पाहू लागली. हे केस कुणाचे ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते तिच्या आईचे होते.

आई, चिझुरू, सायो पहिलीत असताना घर सोडून गेली. सायोचे वडील एइजिरो यांनी तेव्हा पोलिसांना सांगितलं तेच आजही सांगतात. सकाळी ते कोठीत आले तर कामाच्या पाटावर कागदात गुंडाळलेले केस होते आणि बायको नव्हती. खोऱ्यात शोध झाला, नदीत झाला, काही मिळालं नाही. ते केस त्यांनी कुंचा करणाऱ्याकडे पाठवले. तयार होऊन आलेला कुंचा स्वतः कधी वापरला नाही. मुलगी शेवटचा लेप द्यायच्या लायकीची झाली तेव्हा एक शब्द न बोलता तिच्यापुढे ठेवला. सायोचं नाव झालं ते त्या कुंच्याने दिलेल्या काळ्या रंगावर. लंडनमध्ये, पॅरिसमध्ये तिच्या कामावर जे लिहून आलं त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा होता: त्वचा. तिच्यामुळे तिकडची मुलं आपापल्या देशात उरुशीची झाडं लावू पाहत होती.

एइजिरो चहा आणि सलगमच्या पाल्याचं लोणचं घेऊन आले. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. त्यांनी कुंचा पाहिला, तबक खाली ठेवलं, आणि गोंदाने रंग खाल्ला असेल एवढंच म्हणाले. जाता जाता माझ्याकडे वळले.

"बातमीवाल्या बाई, हे काही छापायचं नाही."

मी छापलं नाही. लेख चांगला आला. केसांचा रंग गोंदाने जाऊ शकतो, हे मलाही पटलं होतं.

पुढच्याच आठवड्यात सायोचा फोन आला. शक्य असेल तर येऊन जा, म्हणाली. आवाज नेहमीचा होता.

आकृतीला शेवटचा लेप दिला होता. उरुशी दमट हवेत सुकते, कोरड्यात नाही, म्हणून कोठीच्या त्या कोपऱ्याला लाकडी फळ्यांनी बंद करून, फळ्या ओल्या ठेवून, एक मोठं कपाटच केलं होतं. पावसाळी दिवसांत लेप एका रात्रीत धरतो. हा तसा धरला होता, फक्त पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, हाताएवढा पट्टा ओला होता. सायोने कागदाचा कपटा टेकवून दाखवला. कागद काळा झाला.

ती म्हणाली, याचा अर्थ तेल. तेल लागलं की उरुशी सुकत नाही, कधीच नाही. कुंचे तेलातच ठेवतात, पण वापरण्याआधी ते पूर्ण काढतात. तिने काढलं होतं. पट्टा खरवडून तिने पुन्हा लेप दिला होता, पुन्हा तेच. दुसऱ्या कुंच्याने द्यावा तर लगेच सुकत होता.

"वास घ्या," ती म्हणाली आणि कुंचा माझ्यापुढे धरला.

मी घेतला. चिकाचा वास होता. त्याच्याखाली दुसरा. साधा, फुलांचा, ओळखीचा. कुठला ते मला चटकन सांगता येईना.

"शाम्पू," इंगर म्हणाली. "दुकानात गुलाबी बाटलीत मिळतो ना, तोच. या घरात कुणी वापरत नाही. माझा सगळ्यांच्या डोक्यांचा वास घेऊन झालाय, म्हाताऱ्याच्यासुद्धा. त्याने मला झाडूने हाणायचं तेवढं बाकी ठेवलं."

सायो म्हणाली की केस रोज थोडे तेलकट होतात. ती धुते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताला लागतं. न धुतलेल्या डोक्यासारखं. मग मधेच एखाद्या सकाळी ते आपोआप स्वच्छ असतात आणि शाम्पूचा वास ताजा असतो.

माझ्या कामात एक सवय लागते. कुणी विलक्षण सांगितलं तर वाद घालायचा नाही, ज्याला माहीत असेल त्याला फोन करायचा. कुंच्याच्या लाकडावर करणाऱ्याचा शिक्का होता. तानेमुरा. तोक्योच्या उत्तरेला राहतात, या कामातल्या शेवटच्या काही माणसांपैकी एक. मी मात्सुमोतोहून फोन लावला.

हिरासावाचे फुरुहाता म्हणताच त्यांना आठवलं. आठवायचं कारणही त्यांनी सांगितलं. केस फार आखूड होते. खांद्यापर्यंत ठेवणाऱ्या बाईचे. पूर्ण लांबीचा कुंचा होण्यासारखे नव्हतेच, म्हणून त्यांनी अर्ध्या केसाचा केला. पुढच्या अर्ध्यात केस, मागचा अर्धा नुसतं लाकूड, धरायला. स्वस्तातले कुंचे तसे करतात. एइजिरो नाराज होतील म्हणून त्यांनी सोबत तसं कळवलंही होतं. केस मात्र उत्तम होते. काळेभोर, शेवटपर्यंत. एकही पांढरा नाही, ते स्वतः एकेक जुडी निवडून लावतात.

मग त्यांनी विचारलं, आता किती उरलाय.

मी पाहिलेला कुंचा माझ्या वीतभर लांबीचाही नव्हता. मूळ लांबी त्यांनी सांगितली, मी हिशेब केला आणि अर्ध्याहून बराच कमी, असं म्हणाले.

"मग संपला की तो, बाई. आता आहे ते लाकूड. चुलीत घाला."

केस निघतायत, मी म्हणाले. ते हसले. मग थांबले. दुसरा कुंचा असेल, म्हणाले. शिक्का तुमचा आहे, मी म्हणाले. त्यावर पलीकडून रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला. शेवटी ते म्हणाले की मागच्या अर्ध्यात त्यांनी सायप्रसच्या लाकडाची अखंड पट्टी लावली होती. तिच्यात केस ठेवायला जागाच नाही.

मी हे सायोला सांगितलं तेव्हा एइजिरोही होते. आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, उठून देव्हाऱ्यापाशी गेले, आणि बायकोच्या नावाच्या पाटीसमोरची उदबत्तीची राख सारखी करत बसले.

तानेमुरांनी कळवलं होतं का, सायोने विचारलं. हो, ते म्हणाले. मग तिने आणखी एक गोष्ट विचारली, आणि तेव्हा मला कळलं की ती बरेच दिवस हे मनात घेऊन होती. त्या सप्टेंबरमध्ये चिझुरूचं तेहतिसावं वर्षश्राद्ध होतं. आमच्याकडे ते शेवटचं. त्यानंतर मेलेल्या माणसाच्या नावाने वेगळं काही करत नाहीत. पाटी देव्हाऱ्यातून उचलतात, आणि ते माणूस बाकीच्या पूर्वजांत मिसळून जातं. कोर्टाने चिझुरूला मृत ठरवलं होतं ते नियमाप्रमाणे सात वर्षं वाट पाहून. त्या तारखेपासून धरलं तर तेहतिसावं अजून लांब होतं. पण एइजिरोंनी देवळात कोर्टाची तारीख दिली नव्हती. ती घरातून गेली तोच दिवस दिला होता.

"बाबा, ती त्याच दिवशी मेली हे तुम्हांला कसं माहीत?"

"माझ्यासाठी मेली."

"मी तुमच्यासाठी विचारलं नाही."

त्यांनी राख पुन्हा सारखी केली. इंगर उठून स्वयंपाकघरात गेली आणि विनाकारण नळ सोडला.

मग एइजिरो माझ्याकडे पाहून बोलू लागले, जणू मुलगी खोलीत नव्हती. थडग्यात काही नाही, म्हणाले. हाड नाही, राख नाही. इतकी वर्षं एका रिकाम्या दगडाला पाणी घातलं. आता शेवटचं श्राद्ध आहे तर तो कुंचा तरी आत ठेवायचा. तिच्या अंगाचं तेवढंच उरलंय. वयाच्या या टप्प्यावर त्यांना ते मिटवून मोकळं व्हायचं होतं.

"ती केस वाढवतेय," सायो म्हणाली. "केस धुतेय. कुठेतरी म्हातारी होतेय. आणि तुम्ही तिला पुरायला निघालात."

त्या दिवसापासून सायोने कुंचा कापला नाही, कामालाही घेतला नाही. आकृतीची पाठ तिने दुसऱ्या कुंच्याने पुरी केली. जुलैच्या शेवटी ती पेटीत बंद होऊन कोपनहेगनला गेली, सोबत इंगर गेली. तिथे आकृती सगळ्यांना आवडली. सायो मला म्हणाली की पाठीवर त्वचा नाही, रंग आहे. पण तिथल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

कापायचं थांबवल्यावर केस वाढू लागले.

मी स्वतः पाहिलं. लाकडाच्या बाहेर जेमतेम नखाएवढे असणारे केस ऑगस्टच्या मध्यापर्यंत बोटभर झाले. मी पेन्सिलीची खूण केली, छायाचित्रं काढली, पुढच्या खेपेला ताडून पाहिलं. सायोने त्यातला एक केस कापून मला दिला. निशिझावा म्हणून माझे एक परिचित आहेत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करतात. जुन्या एका खून खटल्याच्या वार्तांकनात ओळख झाली होती. कुणाचा ते न सांगता मी केस त्यांच्याकडे नेला.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. केसाचा रंग गेलेला नाही, तो पांढराच उगवलेला आहे. आणि तो जुना नाही. साठी-सत्तरीच्या माणसाचा असावा, काळजी घेणाऱ्या.

मी पोलिसांतल्या ओळखीच्यांना विचारलं. वृद्धाश्रमांत, इस्पितळांत नाव-गाव न सांगणारी त्या वयाची बाई आहे का, हेही जमेल तिथे विचारलं. तशा बऱ्याच होत्या. चिझुरू म्हणावं अशी कुणी नव्हती. मी ते काम सोडलेलं नाही, पण त्यातून अजून काही निघालेलं नाही.

घरात त्या दिवसांत बोलणं बंद होतं. एइजिरो पुढच्या खोलीत जेवायचे, सायो मागच्या. इंगर कोपनहेगनहून परतली तेव्हा दोघांचे निरोप ती इकडून तिकडे न्यायची आणि त्यात आपल्या पदरचं घालायची. म्हातारा म्हणतो भात कच्चा आहे, आणि मी म्हणते की तो स्वतःच कच्चा आहे. ओबोनचे दिवस आले, पूर्वजांना आणायला दारात दिवा लावला. सायोने आईच्या नावाने लावू दिला नाही. एइजिरोंनी तो रस्त्यापलीकडे जाऊन, शेजाऱ्याच्या कुंपणापाशी लावला.

तोडगा देवळातल्या भिक्षूंनी काढला. साधा, समंजस माणूस, एइजिरोंचे बालमित्र. आमच्याकडे अंत्यविधीत भिक्षू मेलेल्याच्या केसांना वस्तरा लावतात, म्हणजे लावल्यासारखं करतात. संसार सुटला, आता बुद्धाची वाट, एवढाच त्याचा अर्थ. चिझुरूच्या वेळी शरीरच नव्हतं, म्हणून तो भाग वगळला होता. भिक्षू म्हणाले, कुंचा पुरू नका. राहू दे मुलीकडे. पण राहिलेला विधी कुंच्यावर करू. वस्तरा हवेतच फिरतो, केसाला लागत नाही. एइजिरोंचं समाधान होईल, सायोचं काही जाणार नाही.

एइजिरो तयार झाले. सायोने दोन दिवस घेतले. मग तिने मला फोन करून विचारलं, तुम्हांला काय वाटतं. मी म्हणाले की हवेत फिरवलेल्या वस्तऱ्याने काय होणार. मला तसंच वाटत होतं.

श्राद्ध सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी झालं. डोंगरउतारावर कुट्टूची शेतं फुलली होती, देवळाच्या पायऱ्यांवरून सगळं पांढरं दिसत होतं. माणसं मोजकीच. एइजिरो काळ्या सुटात. सायोने कुंचा रेशमी फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता, आणि तो ठेवायची वेळ आली तेव्हा भिक्षूंना दोनदा हात पुढे करावा लागला.

केस तेव्हा वीतभर झाले होते. चटईवरच्या छोट्या उशीवर ते पसरले. कुणीतरी नुकतेच विंचरल्यासारखे सरळ होते. शाम्पूचा वास मला माझ्या जागेपर्यंत आला.

भिक्षूंनी मंत्र म्हटले. वस्तरा म्यानातून काढला. डावीकडे फिरवला. उजवीकडे. मधे.

तो केसांपासून तीन बोटं तरी वर होता. मी तेच पाहायला पुढे सरकून बसले होते.

काही झालं नाही.

एइजिरोंनी नमस्कार केला आणि तसेच वाकून राहिले. सायोने कुंचा परत फडक्यात घेतला. देवळाच्या खोलीत कुट्टूच्या शेवया, सोबा, आणि वाटाण्याचा भात होता. माणसं बोलू लागली, कुणीतरी कोपनहेगनचं विचारलं. इंगरने तिथल्या प्रदर्शनात एका बाईने आकृतीच्या पाठीला हात लावून कसा ओरडा खाल्ला ते सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा बापलेकीला शेजारी बसून जेवताना पाहिलं.

घरी आल्यावर सायोने फडकं सोडलं.

केस सगळे सुटून फडक्यात पडले होते. कापलेले नव्हते, तुटलेलेही नव्हते. लाकूड गुळगुळीत होतं.

सायो रडली नाही. फडकं होतं तसं बांधलं. वडिलांकडे पाहिलं.

"झालं तुमच्या मनासारखं?"



पोलिसांतल्या माझ्या माणसाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्या दुपारी देशात कितीतरी म्हाताऱ्या बायका गेल्या असतील, तो म्हणाला, त्यातली मी कुठली शोधू. त्याचं बरोबर होतं.

यानंतर मी महिनाभर हिरासावाला गेले नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं आणि वस्तऱ्याबद्दल मी दिलेला सल्ला मला पुन्हा ऐकायचा नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस इंगरचं पाकीट आलं. आत पारदर्शक कागदात एक केस होता. जेमतेम पापणीच्या केसाएवढा. काळा. सोबत चिठ्ठी नव्हती. फोन केला तर इंगर म्हणाली की कुंच्याला पुन्हा फुटलेत, आणि हे तुमच्या त्या केसवाल्या साहेबांना दाखवा. तिने नेहमीसारखी थट्टा केली नाही.

निशिझावांचं उत्तर परवा आलं.

"टोक निमुळतं आहे," ते म्हणाले. "एकदा कात्री लागली की टोक सपाट होतं. वस्तरा फिरवलेल्या डोक्यावर पुन्हा उगवला तरी सपाटच येतो. या केसाला आजवर काहीच लागलेलं नाही. शिवाय इतका बारीक आणि मऊ. हे जावळ आहे."

मग त्यांनी विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे.

काल दुपारी मी सायोला सांगायला फोन लावला. उचलला एइजिरोंनी. मी त्यांना तीस-पस्तीस वेळा तरी भेटले असेन, पण त्यांचा असा दबका, हळुवार आवाज ऐकला नव्हता. सायो इंगरबरोबर बाजारात गेलीये, म्हणाले. मी निरोप सांगायला सुरुवात केली.

"जरा हळू बोला, बाई," ते म्हणाले. "आत्ताच कुठे निजलंय."